उभी माती

आत्याला तोंडावर सगळे 'बाई' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'मातीबाई'. तिला दोन्ही ऐकू यायचं. "बरोबरच आहे की," ती म्हणायची, "दगडबाई म्हणाले असते तर राग आला असता."

माती तपासणाऱ्या संस्थेत तिनं सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायची. हा भाऊ सुतार. त्याचा कारखाना घराखालीच होता, आणि त्या कारखान्यात आता त्याची मुलगी त्याच्या बरोबरीनं काम करायची. मुलीला घरात पाचर म्हणत. लहानपणी दोन माणसं बोलत बसली की ही मधे घुसून बसायची, म्हणून. मोठी होऊन ती दारं-खिडक्या बनवायला लागली, तिच्या हाताखाली दोन कारागीर आले, तरी नाव काही सुटलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायची, "पाचरताई आहेत का?"

तर ही गोष्ट त्या आत्याची आणि या भाचीची.

शहराच्या कडेला, जुन्या गोदामांच्या मागे एक मोठं पडीक रान होतं. कधीकाळी तिथे शेती होती. वर्षानुवर्षं एकच पीक, दर हंगामात खोल नांगरट, उरलेला पालापाचोळा जाळून मोकळं. जमीन किती दिवस सोसणार? आधी रंग उडाला, मग भुसभुशीतपणा गेला, मग पीक हाताला येईना. लोक एकेक करून दुसऱ्या कामाला लागले. जमीन नगरपालिकेनं घेतली. तिथे काहीतरी मोठं बांधायचं ठरलं होतं. ते कागदावरच राहिलं आणि रान तसंच पडून राहिलं.

आत्या तेव्हा नोकरीत होती. तिनं संस्थेकडून परवानगी काढून त्या रानातला एक लांबट पट्टा घेतला आणि त्यात नांगर न घालता पेरणी केली. एका जातीची नाही, अनेक जातींची. उंच गवतं, बुटकी गवतं, शेंगा धरणाऱ्या वेली, खोल मुळांची फुलझाडं, जे जे या हवेत मूळचं उगवतं ते सगळं. बाकीचं रान जसं होतं तसं सोडलं, म्हणजे दोन्हींत काय फरक पडतो ते कळेल. कल्पना साधी होती. झाडं हवेतला कर्ब, म्हणजे कार्बन, घेतात, त्यातला काही मुळांवाटे जमिनीत उतरतो आणि तिथे राहतो. जितकी तऱ्हेतऱ्हेची मुळं, तितका जास्त आणि लवकर. पुढे संस्थेनं तो प्रयोग बंद केला. आत्या निवृत्त झाली. पण पट्ट्याकडे जायचं काही तिनं सोडलं नाही. वर्षातून एकदा गवत कापून घ्यायची, मातीचे नमुने काढायची, घरी यायची आणि जेवताना भावाला आकडे सांगायची. भाऊ मान डोलवायचा आणि भाजी वाढून घ्यायचा.

मग नगरपालिकेत एक नवीन लागवड अधिकारी आले. तरुण, उत्साही, कामाचा माणूस. त्यांनी ठरवलं की या पडीक रानात झाडं लावायची. सगळं रान खोल नांगरून घ्यायचं आणि भराभर वाढणाऱ्या एकाच जातीची रोपं ओळीनं लावायची. शहराच्या धुराला तेवढाच उतारा. बेत चांगल्या मनानं केलेला होता, हे आत्यासुद्धा मान्य करायची. पण त्यात तिचा पट्टाही नांगराखाली जाणार होता.

बैठक नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती. आत्याला गाडीनं सोडायला म्हणून पाचर गेली आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिली. अधिकाऱ्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हिरव्यागार झाडांच्या रांगा, मधून पायवाट, पायवाटेवर हसरं कुटुंब. सगळ्यांना आवडलं. मग आत्या उठली. तिनं आलेख आणले होते. ती बोलायला लागली ती थेट दशांश चिन्हापासून. अमुक खोलीला इतके टक्के, तमुक खोलीला इतके टक्के. माणसं घड्याळाकडे बघायला लागली. अध्यक्षबाई सज्जन होत्या, त्यांनी जांभई रुमालाआड दिली.

शेवटी कोणीतरी विचारलं, "म्हणजे बाई, तुमचं म्हणणं असं की गवत ठेवायचं?"

हशा पिकला. आत्याचे कान लाल झाले.

अधिकारी हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, मीही हे कार्बनसाठीच करतोय. आपण एकाच बाजूचे आहोत."

"मग नांगर घालू नका," आत्या म्हणाली. "जमिनीत जे साठलंय ते उलथलंत की पुन्हा हवेत जाईल. तुमची झाडं ते भरून काढेपर्यंत किती वर्षं जातील!"

"पण साठलंय कुठे? झाड निदान दिसतं. तुमचं जे काही आहे ते मला दिसत नाही, यांनाही दिसत नाही. दाखवा ना. मी बघायला तयार आहे."

आत्यानं आलेखाकडे बोट दाखवलं. अध्यक्षबाईंनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. सगळे चहाला उठले.

परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आत्या म्हणाली, "मला बोलता येत नाही गं. मला जे माहीत आहे ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा भुगा होतो."

"मग बोलू नकोस," पाचर म्हणाली. "तो माणूस काय म्हणाला? दाखवा म्हणाला. दाखवू या."

"जमिनीखालचं कसं दाखवणार? सगळ्यांना खड्ड्यात उतरवू?"

"त्यांना खाली न्यायचं नाही. मातीला वर आणायचं. आख्खी. जशी आहे तशी, उभी."

आत्यानं तिच्याकडे वळून बघितलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी दोघींचं लक्ष नव्हतं. "आमच्या संस्थेच्या जिन्यात एक होता," आत्या सावकाश म्हणाली. "मातीचा उभा काप. काचेच्या कपाटात ठेवलेला, माझ्या खांद्याएवढा उंच. ज्यानं केला तो माझ्या आधीच नोकरी सोडून गेला होता. कसा केला ते कोणालाच सांगता यायचं नाही."

"खोका असणार," पाचर म्हणाली. "तीन बाजूंनी फळ्या, मागे पाठ. मातीचा खांब कोरायचा आणि त्याला खोका घालायचा. कपाटच की ते."

कारखान्यात पाचरचे बाबा एका दाराला बिजागऱ्या बसवत होते. लेकीनं बेत सांगितला. त्यांनी स्क्रू तोंडातून काढला.

"मातीला चौकट?"

"हो."

"आणि शाळेच्या बाकांचं काम घेतलंय, ती कोण करणार?"

"तीही करणार."

"ताई," बाबा बहिणीला म्हणाले, "तुझ्या नादानं सगळ्या घराची माती होणार आहे बघ."

"होऊ दे," आत्या म्हणाली. "चांगली झाली म्हणजे बरं."

बाबांनी स्क्रू परत तोंडात धरला. म्हणजे भांडण संपलं.

आत्याची एक अट होती. खणायची जागा तिनं निवडायची नाही. अधिकाऱ्यांना बोलवायचं आणि तेच ठरवतील तिथे खणायचं. "नाहीतर म्हणतील, बाईनं चांगला तुकडा शोधून काढला."

अधिकारी सकाळीच आले. बूट नवे होते आणि दव पडलेलं होतं, तरी ते कुरकुर न करता सगळ्या रानातून हिंडले. पट्ट्याच्या वरच्या बाजूला फुलं होती, फुलपाखरं होती. तिथे ते थांबले नाहीत. थेट खालच्या कोपऱ्यात गेले, जिथून रानातली जुनी गाडीवाट जायची. वाटेच्या एका बाजूला आत्याचा पट्टा होता, दुसऱ्या बाजूला नुसतं सोडलेलं रान.

"इथे," ते म्हणाले. "एक वाटेच्या या अंगाला आणि एक त्या अंगाला. समोरासमोर. चालेल ना?"

"चालेल," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण पाचरला तिची मूठ वळलेली दिसली. अधिकाऱ्यांनी दोन खुंट्या ठोकल्या, बुटांचा चिखल गवताला पुसला आणि गेले.

"काय झालं?"

"इथे ट्रॅक्टर वळायचे," आत्या म्हणाली. "माल भरलेले. सगळ्या रानात सगळ्यात दडपलेली जमीन हीच. नांगराच्या फाळाखाली थर बसतो ना, तो इथे इतका घट्ट होता की पेरायच्या आधी पहार मारली तर टणकन वाजायची. मूळ खाली जाईलच कसं?"

"तू नंतर बघितलं नाहीस?"

"नमुन्याच्या जागा ठरलेल्या होत्या. हा कोपरा त्यात कधी आलाच नाही." तिनं खुंटी हलवून बघितली. "दुसरी जागा मागून घेऊ या का?"

"आत्या, आपणच म्हणालो ना, ते सांगतील तिथे."

"म्हणालो खरं," आत्या म्हणाली आणि फावडं उचललं.

आधी नुसतं सोडलेल्या बाजूला खणायला घेतलं. वर बोटभर माती जराशी काळपट होती. त्याखाली राखेसारखी फिकट, हातात घेतली की पीठ होणारी. वीतभर खाली गेल्यावर पहार वाजली. थर होता तिथेच होता, भाजलेल्या विटेसारखा. किरकोळ गवताची मुळं तिथवर येऊन आडवी वळली होती, बंद दारापाशी माणसं बसतात तशी. खड्डा कंबरेइतका होईपर्यंत दोघींचे हात सोलवटले.

मग खांब कोरायला घेतला. खड्ड्याची एक भिंत थापीनं सपाट केली, ओळंबा धरून उभ्या रेघा मारल्या आणि दोन्ही बाजूंची माती काढत गेलं की मधे खांब उरतो, असा पाचरचा हिशोब. हिशोब बरोबर होता. पण खांबाला तो मान्य नव्हता. अर्धा कोरून झाला आणि वरचा भाग घसरून तिच्या पायांवर आला.

दुसऱ्या दिवशी पाणी मारून बघितलं. चिखल झाला. त्याच्या पुढच्या वेळी विरळ कापड गुंडाळून, पातळ गोंद फवारून बघितलं. जवळजवळ जमलं. शेवटच्या क्षणी मधल्या थराला तडा गेला आणि खोक्यात फक्त खालचा तुकडा उरला. पाचरनं थापी फेकून दिली. मग जाऊन उचलून आणली, कारण थापी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीत आधीच बसले होते, मांडीवर त्यांची लांब करवत.

"बाकं?"

"बाकं कुठे पळून जाताहेत?"

खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी लेकीचं काम बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "दार बसवताना तू आधी भिंत पाडतेस का?"

"म्हणजे?"

"आधी चौकट उभी करतेस ना? मग इथे उलटं का? तू खांब सगळा मोकळा करतेस आणि मग खोका आणतेस. तोवर तो कशाच्या आधारानं उभा राहणार? आधी खोका दाब. बोटभर कोर, तेवढा आत सरकव. परत बोटभर कोर. माती खोक्यातच वाढली पाहिजे."

पाचरनं कपाळावर हात मारून घेतला. आता तिथेही माती लागली.

तसंच केलं. खोका तिन्ही कडांनी थोडा थोडा आत दाबत नेला. मग बाबांनी मागून करवत घातली, आत्यानं वरून फळी धरली, आणि "हळू, हळू, अगं हळू म्हणतोय ना" करत तिघांनी तो आडवा केला. आत होता तो फिकट, भेगाळ, अंगावर गोंदाचे डाग पडलेला खांब, पण होता अख्खा. बाबांनी त्यावर बाळाच्या अंगावर टाकावं तसं कापड टाकलं.

आता वाटेपलीकडे जायचं होतं. अधिकाऱ्यांची दुसरी खुंटी आत्याच्या पट्ट्यात होती.

आत्या म्हणाली, "तुम्ही घ्या खणायला. मी जरा बसते." आणि पाठ करून बसली.

पाचरनं फावडं लावलं. पायानं दाबलं आणि तिचा तोल जाता जाता राहिला, कारण फावडं तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट आत गेलं. वर आली ती माती काळीभोर, दाणेदार, आणि तिला पावसानंतर जंगलात येतो तसा वास. ती खणत राहिली. एक वीत झाली. आता पहार वाजणार म्हणून तिनं दात आवळून पहार मारली.

पहार वाजली नाही. नुसती आत गेली.

"बाबा," ती म्हणाली.

बाबा वाकले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग खड्ड्यात उतरले, बोटांनी भिंत साफ केली, आणि बहिणीला हाक मारली. आयुष्यात कधी मारली नव्हती अशी हाक.

"ताई! अगं ए ताई! इकडे ये!"

आत्या धावत आली. तिचे गुडघे धड नव्हते, खड्ड्याच्या काठाची माती निसटत होती, तरी कोणी हात द्यायच्या आत ती खाली उतरली.

तो जुना थर तिथे होता. फिकट पट्टा स्पष्ट दिसत होता, ट्रॅक्टरनं दडपलेला तोच. पण तो आता चाळणीसारखा झाला होता. जागोजाग काळ्या उभ्या रेघा त्यातून आरपार गेल्या होत्या. एकेक रेघ म्हणजे एकेका मुळाची वाट. जाड मुळानं भेग पाडली होती, त्या भेगेतून बारीक मुळं उतरली होती, जुनी मुळं कुजून त्यांच्या जागी काळी माती भरली होती, आणि त्या मऊ वाटेनं पुन्हा नवी मुळं, गांडुळं, पाणी, सगळं खाली गेलं होतं. थराखाली, जिथे कधी काही पोचेल असं आत्याला वाटलं नव्हतं, तिथेही काळपट रंग चढला होता. हातभर खोल. आणखी खालीही मुळांचे पांढरे धागे होतेच, कुठवर गेले होते ते दिसत नव्हतं.

आत्या खड्ड्याच्या तळाशी बसली. तिनं तळहात त्या थरावर ठेवला. मग एका काळ्या रेघेत बोट घातलं. बोट आत गेलं.

"गेली," ती म्हणाली. "पार खाली गेली बघ. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. वेड्यांनो!" ती मुळांशी बोलत होती. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला गेली तर सगळा चेहरा काळा झाला. बाबा तिला म्हणाले, "आता खरी मातीबाई दिसतेस." आणि तेही हसायला लागले.

इथे खांब कोरणं सोपं होतं. खोकाही लागला नसता. मुळांनी माती इतकी बांधून ठेवली होती की खांब आपल्या आपण उभा राहिला. अवघड गेलं ते मागून कापणं. करवत दर हाताला अडकायची.

"ताई, ही माती आहे का सागवान?" बाबा घाम पुसत म्हणाले.

"तुझ्या करवतीलाच धार नसेल."

"माझ्या करवतीला?" बाबांनी असा काही जोर लावला की पुढचं काम पटकन झालं.

दोन्ही खोके कारखान्यात आले. पुढचे काही दिवस शाळेची बाकं भिंतीला टेकून उभी होती आणि मधल्या मोठ्या टेबलावर माती झोपलेली होती. पाचरनं पातळ केलेला गोंद थेंबाथेंबानं मुरवला. आत्यानं रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं एकेक मूळ मोकळं केलं. कारागीर आधी लांबून बघत होते, मग एकानं आपणहून लाकडाची बारीक कोरणी आणून दिली. कडेच्या पट्ट्या बाबांनी स्वतः रंधून लावल्या आणि त्यांचे कोपरे असे जुळवले की नख जाऊ नये. "लोक माती बघतील," ते म्हणाले, "पण चौकटीवर शिव्या नकोत."

बैठकीच्या दिवशी दोन्ही उभे काप गाडीतून नगरपालिकेत नेले. आणि तिथे घोडं अडलं. जिना अरुंद होता, मधे वळण होतं. बाबांनी टेप लावून बघितली, उभं धरून बघितलं, आडवं करून बघितलं. लिफ्ट बंद होती, आणि वजन असं की वळणावर दोघांना पेलेना. तिरपं केलं की गोंद सुकलेली माती तडकेल, अशी पाचरला भीती.

"आता?" आत्या म्हणाली. तिच्या हातात आज एकही आलेख नव्हता.

पाचर दोन दोन पायऱ्या चढत वर गेली, सभागृहाचं दार उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माती आणलीय. पण ती जिना चढत नाही."

अध्यक्षबाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. "ती चढत नसेल तर आपण उतरू या," त्या म्हणाल्या. "नाहीतरी इथे बसून पाय आखडलेत."

सगळी सभा खाली अंगणात आली. शिपाई आले, टपाल द्यायला आलेला माणूस थांबला, दाखल्यासाठी रांगेत उभे असलेले लोकही वळून बघायला लागले. भिंतीला टेकून दोन काप उभे होते. ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. एक फिकट, वर बोटभर मळकट रेघ, मधे विटेसारखा थर, खाली पुन्हा फिकट. दुसरा वरून काळाभोर, खाली जाता जाता तपकिरी होत गेलेला, आणि वरपासून तळापर्यंत मुळांची जाळी. दोन्हींत तो थर एकाच उंचीवर होता. एकीकडे अख्खा, दुसरीकडे फोडलेला.

कोणी हसलं नाही. अध्यक्षबाई जवळ गेल्या. "हात लावला तर चालेल?"

"लावायलाच आणलंय," आत्या म्हणाली.

त्यांनी आधी फिकट मातीवर बोट फिरवलं, मग काळ्या मातीवर. मग पुन्हा फिकट मातीवर. "या दोन जागा किती लांब आहेत एकमेकींपासून?"

"मधे एक गाडीवाट आहे. हाक मारली तर ऐकू येईल."

"एकच जमीन?"

"एकच. दोन्हीकडे तेच पीक होतं, तोच नांगर, तेच ट्रॅक्टर. एका बाजूला नुसतं सोडून दिलं. दुसऱ्या बाजूला सगळ्या तऱ्हेचं पेरलं आणि मग सोडून दिलं. रंगात जो फरक दिसतोय ना, तो हवेतून आलाय. तुमच्या माझ्या धुरातून." आत्या थांबली. एवढं ती सलग आणि एकही आकडा न सांगता कधी बोलली नव्हती. तिलाच ते जाणवलं असावं, कारण ती जरा ताठ उभी राहिली.

लागवड अधिकारी इतका वेळ दुसऱ्या कापासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघितलं. "बाई, ही नक्की मी सांगितलेली जागा?"

"साहेब, तुमची खुंटी काढूनच खणलं," बाबा म्हणाले. "तुमच्या बुटाचा ठसासुद्धा होता बाजूला."

"मी तो कोपरा मुद्दाम निवडला होता," अधिकारी म्हणाले. "सगळ्यात वाईट दिसला म्हणून. इथे जर काही नसेल तर विषय मिटला, असं मला वाटलं होतं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "आणि मी त्याच दिवशी संध्याकाळी परत येऊन दोन्ही खुंट्यांजवळची माती काढून प्रयोगशाळेत पाठवली होती. म्हटलं, आपलं आपण बघून घ्यावं. काल उत्तर आलं. मला वाटलं त्यांचं काहीतरी चुकलंय." त्यांनी कागद अध्यक्षबाईंना दिला. "काळ्या मातीत कार्बन दुपटीहून जास्त आहे. आता हे बघितल्यावर मला नाही वाटत त्यांचं चुकलंय."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "पण नुसतं सोडून दिलं असतं तरी कधीतरी झालंच असतं की!"

"झालं असतं," आत्या म्हणाली. "तुमच्या नातवांच्या नातवांनी बघितलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की आपणही बघू या."

आता हशा पिकला, पण वेगळा. आत्याही त्यात होती.

"आणि माझी झाडं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, खरंच विचारत होते.

"लावा की! कोण नको म्हणतंय? वाटेच्या कडेनं लावा, पाच-सहा जातींची लावा, खड्ड्यापुरतं खणा. मी येते रोपं निवडायला. फक्त नांगर आणू नका."

"नाही आणत," अधिकारी म्हणाले आणि उठून त्यांनी हात पुढे केला. आत्यानं आपला हात आधी पदराला पुसला, मग दिला.

ठराव तिथेच अंगणात झाला. मत द्यायला हात वर झाले तेव्हा दाखल्याच्या रांगेतल्या लोकांनीही हात वर केले, ते अध्यक्षबाईंनी हसून खाली करायला लावले. रान नांगरायचं नाही. आत्याच्या पट्ट्यातलं बी गोळा करून उरलेल्या सगळ्या रानात पेरायचं. कडेनं मिश्र झाडं. आणि दोन्ही काप तिथेच, नगरपालिकेच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे कायमचे उभे करायचे. हे शेवटचं ऐकून बाबांनी चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि कोणाकडेच बघितलं नाही.

बी पिकलं तेव्हा पट्ट्यात इतकी माणसं आली की आत्याला ओरडून ओरडून घसा बसवून घ्यावा लागला. "ते नको, ते अजून हिरवं आहे! ते तांबडं घे! अहो साहेब, खिशात काय भरताय, पिशवी घ्या!" अध्यक्षबाई मुलाबाळांसकट आल्या होत्या. शाळेची बाकं वेळेत पोचली नव्हती तरी शाळेच्या बाई न रागावता आपला अख्खा वर्ग घेऊन आल्या होत्या. बियांचे ढीग झाले, ते मिसळले, आणि मग पडीक रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची एक लांब रांग चालायला लागली. हात वर जात होते आणि वाऱ्यावर बी सुटत होतं. आत्या सगळ्यात पुढे. गुडघे दुखताहेत म्हणून तिला खुर्ची आणली होती, तिच्यावर कोणाचे तरी कोट पडले होते.

पुढच्या वर्षी त्या रानात फुलं आली. सगळीकडे नाही, पण गोदामांच्या छपरांवरून दिसतील इतकी.

त्याच सुमाराला एक दिवस अधिकारी कारखान्यात आले. बूट चिखलानं भरलेले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. शहराच्या दुसऱ्या अंगाला आणखी पडीक रानं होती, शेजारच्या शहरातूनही विचारणा आली होती. आणि तिथल्या लोकांनी सगळ्यात आधी काय मागितलं होतं? आम्हालाही माती उभी करून दाखवा.

"किती लागतील?" पाचरनं विचारलं.

"सुरुवातीला दहा-बारा तरी."

"खोके मी करणार," बाबा म्हणाले. "हिच्या पहिल्या खोक्यातली माती पायावर पडली होती."

"बाबा! चौकट माझी कल्पना होती!"

"कल्पना तुझी. कोपरे माझे."

वरच्या खोलीतून आत्या जिना उतरत होती, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात डबा. "तुमचं काय ते ठरवा," ती म्हणाली. "मी गाडीत बसते. साहेब, तुम्ही चालवताय ना? मग चला, ऊन चढायच्या आत पोचू."